हेडफोनला अ‍ॅम्प लागतो का? लागला तर कोणता?

मंद्रसप्तक

नमस्कार मंडळी,

"अमुक हेडफोन घेतलाय, कोणता अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर, आवाजाला जोर देणारं यंत्र) घेऊ?" हा प्रश्न इथे सारखा येतो आणि खाली दहा जण दहा नावं सुचवून जातात. नाव सुचवण्याआधी जो हिशोब करायला हवा, तो मात्र कुणी मांडत नाही. मी त्यात दोन वर्षं घालवली, पैसेही घालवले. म्हणून हा धागा.

सेन्हायझरचा एचडी ६०० मी घेतला तो जुनं ख्यालगायन ऐकायला. घरी आणून फोनला लावला. हल्लीच्या गाण्यांना आवाज पुरेसा होता. मग मल्लिकार्जुन मन्सूरांचं एक ध्वनिमुद्रण लावलं. वडिलांनी रेडिओवरून कॅसेटवर घेतलेलं, आणि त्या कॅसेटवरून मी संगणकावर उतरवलेलं. आवाज पार वरपर्यंत नेला तरी पंडितजी शेजारच्या खोलीत गात असल्यासारखे. दुकानात विचारलं तर "तीनशे ओहम आहे साहेब, मोठा अ‍ॅम्पच लागणार" म्हणून त्यांनी एक व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या धाटणीच्या काचेच्या नळ्यांचा, अ‍ॅम्प दिला. एचडी ६०० त्यावर सुरेख वाजला. पुढच्या आठवड्यात भावाचा हायफायमॅन संडारा त्याच अ‍ॅम्पला लावला. तो ३७ ओहमचा, म्हणजे दुकानदाराच्या हिशोबाने अगदी सोपा. तर आवाज बसलेला, तबल्याची थाप पिठात पडल्यासारखी. तीनशेवाला अवघड आणि सदतीसवाला सोपा असेल, तर हे उलटं कसं झालं?

कारण नुसते ओहम बघून काहीच ठरत नाही. ओहम म्हणजे हेडफोनचा इम्पिडन्स, विजेला होणारा अडथळा. त्याच्या जोडीला सेन्सिटिव्हिटी बघावी लागते, म्हणजे ठरावीक वीज दिल्यावर किती डेसिबल आवाज निघतो तो आकडा. इथे एक मोठी फसगत आहे. काही कंपन्या हा आकडा एका मिलिवॅटला देतात, काही एका व्होल्टला. दोन्ही डब्यांवर नुसतं '९७ डेसिबल' छापलेलं असतं आणि आपण त्यांची तुलना करत बसतो. एका मिलिवॅटला ९७ देणारा ३०० ओहमचा हेडफोन एका व्होल्टवर साधारण १०२ डेसिबल देतो. तितकेच ९७ देणारा ३२ ओहमचा हेडफोन त्याच एका व्होल्टवर ११२ देतो. दहा डेसिबलचा फरक कानाला जवळपास दुप्पट आवाज वाटतो. फोन तर व्होल्टच देतो, म्हणून तीनशेवाला फोनवर दबलेला वाटतो.

आता किती आवाज हवा ते धरू. माझं ऐकणं सरासरी ७०-७५ डेसिबलचं. समेवर थाप पडते किंवा गवई तार षड्जावर जातो तेव्हा आवाज त्याच्या १५-२० डेसिबल वर उसळतो. त्यावर आणखी मोकळीक ठेवून ११० डेसिबल हे उसळीचं टोक मी धरतो.

एचडी ६०० ला ११० साठी २० मिलिवॅट लागतात, म्हणजे सुमारे २.४५ व्होल्ट आणि ८ मिलिअँपिअर. संडाराची सेन्सिटिव्हिटी ९४, त्याला ४० मिलिवॅट लागतात, म्हणजे सव्वा व्होल्टच्या आत, पण करंट ३३ मिलिअँपिअर, एचडी ६०० च्या चौपट. तीनशेवाल्याला व्होल्ट हवेत, सदतीसवाल्याला करंट. माझा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प व्होल्ट भरपूर देत होता, करंट देताना धापा टाकत होता. कोडं तिथे सुटलं.

आणि फोनवर पंडितजी लांब का गेले? साधारण एक व्होल्ट देणाऱ्या यूएसबी डोंगलवर (फोन किंवा संगणक आणि हेडफोन यांच्या मध्ये लावायचा छोटा तुकडा) एचडी ६०० ची उसळी १०२ पर्यंत जाते. आजकालची ध्वनिमुद्रणं वरच्या मर्यादेला टेकवूनच तयार केलेली असतात, त्यांना एवढं पुरतं. कॅसेटवरून उतरवलेलं गाणं मात्र त्या मर्यादेच्या १०-१२ डेसिबल खाली होतं. तेवढे डेसिबल अ‍ॅम्पने भरून काढायचे, म्हणजे तीन-चार व्होल्ट हवेत. जुनं संगीत ऐकणाऱ्यांना अ‍ॅम्पची गरज इतरांपेक्षा जास्त भासते, याचं एक साधं कारण हे आहे.

आपापल्या जोड्या सांगा, मिळून हिशोब करू.

रंकाळ्याकाठी

काका, खूप छान लिहिलंय. वाचनखूण साठवली. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ऑडिओ टेक्निकाचा एम५०एक्स सेकंड हँड घेतला. लॅपटॉपला लावतो. मित्र म्हणतात अ‍ॅम्पशिवाय हा हेडफोन "उघडत" नाही. तीन हजार बाजूला काढलेत. घेऊ का?

मंद्रसप्तक

नको घेऊस रे. तुझा हेडफोन ३८ ओहम आणि ९९ डेसिबल. ११० पर्यंत जायला त्याला १२-१३ मिलिवॅट लागतात, म्हणजे ०.७ व्होल्ट. एक व्होल्टचं चांगलं डोंगल त्याला पुरून उरतं. लॅपटॉपच्या जॅकमधून खरखर किंवा घूं येत असेल तरच डोंगल घे, हजाराच्या आसपास मिळतं. उरलेल्या पैशांत कानाच्या गाद्या बदल. सेकंड हँड असेल तर त्या चपट्या झालेल्या असणार. गादी चपटी झाली की कान आणि हेडफोनचा पडदा यांतलं अंतर बदलतं, कडेने हवा निसटते आणि खर्ज गळतो. तिथे पडणारा फरक दोन अ‍ॅम्पमधल्या फरकापेक्षा कितीतरी मोठा असतो.

फेडर

मी मुंबईत रेकॉर्डिंग स्टुडिओत काम करतो. तिसरा आकडा राहिलाय, त्याबद्दल लिहितो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तोच घालतो. अ‍ॅम्पचा स्वतःचा आउटपुट इम्पिडन्स.

अ‍ॅम्पच्या पोटात एक रेझिस्टन्स असतो आणि तो हेडफोनच्या रांगेत उभा राहतो. अ‍ॅम्पने काढलेले व्होल्ट दोघांत वाटले जातात. हेडफोनचा इम्पिडन्स सगळ्या स्वरांना सारखा असता तर आवाज जरा कमी झाला असता, एवढंच. पण कॉइल असलेल्या हेडफोनचा तसा नसतो. एचडी ६०० मधल्या सप्तकात ३०० ओहम असतो आणि शंभर हर्ट्झच्या जरा खाली साडेपाचशेच्या घरात जातो. १२० ओहमच्या अ‍ॅम्पला तो जोडला तर मधल्या स्वरांना जवळपास तीन डेसिबल कमी मिळतात आणि त्या खर्जाला पावणेदोनच कमी मिळतात. परिणाम, खर्ज सव्वा डेसिबल फुगतो. डग्ग्याची घुमक साधारण त्याच पट्ट्यात आहे. म्हणून "या अ‍ॅम्पवर तबला भरदार वाटतो" असं लोक म्हणतात तेव्हा ते खोटं बोलत नसतात.

१२० हा आकडाही मी हवेतून काढलेला नाही. आयईसी ६१९३८ या १९९६ च्या मानकात हेडफोनच्या आउटपुटला १२० ओहम सुचवलेले होते. त्यामागे विचार होता. जॅक आत-बाहेर करताना टोकं क्षणभर एकमेकांना टेकतात, तेव्हा अ‍ॅम्प सुरक्षित राहतो. शिवाय वेगवेगळ्या ओहमच्या हेडफोनांत आवाजाचा फरक कमी होतो. जुन्या मिक्सरवर आणि रिसीव्हरवर हेडफोनचं भोक असंच असायचं. त्यात आजचा ३२ ओहमचा हेडफोन घातला की त्याचा स्वभावच बदलतो.

आमच्यात चालतो तो ठोकताळा असा: अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पिडन्स हेडफोनच्या एक अष्टमांशापेक्षा कमी हवा. ३२ ओहमला ४ च्या आत, ३०० ला ३७ च्या आत. आजचे बरेचसे ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प एक ओहमच्या आसपास किंवा त्याहून खाली असतात. त्यामुळे नवा अ‍ॅम्प घेणाऱ्याने याची फार चिंता करू नये. जुना रिसीव्हर किंवा व्हॉल्व्ह असेल तर जरूर विचारावं.

बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो घेणाऱ्यांसाठीही सांगतो. तो ३२, ८० आणि २५० ओहम अशा तीन प्रकारांत मिळतो. २५० म्हणजे वरचा दर्जा आणि ३२ म्हणजे खालचा असं काही नाही. सेन्सिटिव्हिटी ९६ धरली तर ११० साठी ३२ वाल्याला ०.९ व्होल्ट, ८० वाल्याला १.४ आणि २५० वाल्याला अडीच व्होल्ट लागतात. तुमचं यंत्र काय देतं ते बघा आणि त्याप्रमाणे घ्या. आमच्याकडे गायकांना आम्ही ८० वाला देतो, कारण एका अ‍ॅम्पवर चार-चार जण असतात.

दिवेलागण

फेडर यांचा प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहे, पण एक गोष्ट मनापासून सांगाविशी वाटते. मी गेली बारा वर्षं एचडी ६०० व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पवर ऐकतोय. आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेला, ६०८० व्हॉल्व्हचा. संध्याकाळी तो लावायचा, दहा मिनिटं गरम होऊ द्यायचा, मग पुरिया लावायचा. ट्रान्झिस्टरवर तीच रेकॉर्ड ऐकली की तानपुरा दोरीवर वाळत घातल्यासारखा वाटतो. व्हॉल्व्हवर तो खोलीत पसरतो. हे सव्वा डेसिबलमध्ये बसवता येईल असं मला वाटत नाही.

मंद्रसप्तक

दिवेलागण, तुमचं ऐकणं मी मुळीच नाकारत नाही. तुमची जोडी तर फारच जमलेली आहे. ६०८० चे असे अ‍ॅम्प करंट कमी आणि व्होल्ट जास्त देतात, आणि एचडी ६०० ला नेमकं तेच हवं. आउटपुट इम्पिडन्समुळे खर्ज थोडा उचलला जातो आणि जुन्या ध्वनिमुद्रणांत खर्ज मुळातच अशक्त असतो, त्यामुळे ते गोड लागतं. व्हॉल्व्हचं स्वतःचं थोडं हार्मोनिक डिस्टॉर्शनही, म्हणजे मूळ स्वराला चिकटणारे जादा उपस्वर, त्यात मिसळतं. तुम्हाला तो पसरलेला तानपुरा हवा असेल तर तोच अ‍ॅम्प तुमच्यासाठी योग्य.

माझं म्हणणं इतकंच, की तुमचा अनुभव वाचून कुणी संडारा त्यावर लावू नये. १२० ओहमचा अ‍ॅम्प आणि ३७ ओहमचा हेडफोन असेल तर अ‍ॅम्पने काढलेल्या व्होल्टांपैकी जेमतेम पाव हिस्सा कानापर्यंत पोचतो. संडारा प्लेनर आहे, म्हणजे गुंडाळलेल्या कॉइलऐवजी सपाट पडद्याचा; अशा हेडफोनचा इम्पिडन्स सगळीकडे जवळजवळ सपाट असतो, त्यामुळे खर्जही उचलला जात नाही. म्हणजे जोर जातो आणि बदल्यात काही मिळत नाही. माझं नुकसान तिथेच झालं.

निशिगंध

मला उलटा त्रास आहे. माझे इन-इअर (कानाच्या आत बसणारे हेडफोन) १३ ओहमच्या आसपासचे आणि फार नाजूक कानाचे. एक चांगला टेबलावरचा अ‍ॅम्प घेतला. गाणं सुरू व्हायच्या आधीच सूं असा आवाज येतो. आवाजाचं बटण घड्याळातल्या आठच्या काट्यावर नेलं तरी कान फुटायला होतं. त्याच्या खाली नेलं तर डावा कान आधी बंद पडतो. दोन तानपुऱ्यांचं ट्रॅक लावून नीट ऐकलं. बटण थोडंसं फिरवलं की दोन्ही तानपुरे उजवीकडे सरकतात, आणखी फिरवलं की परत मध्ये येतात. अ‍ॅम्प बिघडलाय का?

फेडर

बिघडलेला नाही, निशिगंधताई. आवाजाच्या बटणामागे पोटेन्शिओमीटर असतो आणि त्यात डाव्या-उजव्या कानासाठी दोन वेगळ्या पट्ट्या असतात. अगदी तळाला त्या दोन्ही तंतोतंत जुळत नाहीत. बटण नऊ ते तीनच्या मध्ये फिरवलं की हा फरक राहत नाही. तुमची अडचण अशी की तुम्हाला बटण कायम तळाशीच ठेवावं लागतंय, कारण अ‍ॅम्प सिग्नल गरजेपेक्षा खूप वाढवतोय. मागे किंवा पुढे गेनचा, म्हणजे सिग्नल किती पट वाढवायचा त्याचा, स्विच असेल तर तो लो वर टाका. तो नसेल तर संगणकातला आवाज कमी करा आणि बटण वर घ्या. डावं-उजवं लगेच जुळेल.

सूं मात्र त्याने जाणार नाही. तो अ‍ॅम्पचा स्वतःचा आवाज आहे आणि इतक्या संवेदनशील इन-इअरला तो ऐकू जातोच. तुम्हाला ताकद नको आहे, शांतता हवी आहे. चांगलं डोंगल लावून बघा. ७५ ओहमचा अडॅप्टर लावायचा सल्ला कुणी दिला तर थांबा. आर्मेचरवाल्या (इवल्याशा चुंबकी पात्यावर चालणाऱ्या) इन-इअरचा इम्पिडन्स स्वरागणिक वरखाली होतो. मध्ये ७५ ओहम घातले की सूं कमी होईल, पण सगळा स्वरमेळ बदलेल.

निशिगंध

लो गेन मागच्या बाजूला होता, इतके दिवस लक्षातच आलं नव्हतं! आता बटण साडेदहावर असतं आणि तानपुरे मध्ये बसलेत. सूंसाठी डोंगल बघते. खूप आभार.

सातासमुद्रापार

न्यू जर्सीहून. माझ्याकडे हायफायमॅनचा जुना एचई-६ आहे. ५० ओहम, ८३.५ डेसिबल. मंद्रसप्तक यांच्या पद्धतीने काढलं तर ११० ला सुमारे ४५० मिलिवॅट आणि ४.७ व्होल्ट. तो ३०० ओहमवाल्यापेक्षा किती तरी अवघड आहे, ओहम सहाव्या भागाचे असूनही. ओहमवर विसंबू नका, याला यापेक्षा चांगलं उदाहरण सापडणार नाही.

दुसरं, बॅलन्स्ड आउटपुटबद्दल, म्हणजे डाव्या-उजव्या कानाच्या तारा पूर्ण वेगळ्या ठेवणाऱ्या भोकाबद्दल. ४.४ मिलिमीटरच्या भोकात बहुतेक अ‍ॅम्प साध्या भोकापेक्षा जास्त व्होल्ट देतात, त्याचा अशा हेडफोनला खरंच उपयोग होतो. पण तिथे डाव्या-उजव्याची ग्राउंड एक नसते. बॅलन्स्ड भोकातून बाहेर पडून साध्या तीन टोकांच्या पिनेवर येणारा अडॅप्टर कधीही लावू नका, दोन चॅनल एकमेकांवर शॉर्ट होतात आणि अ‍ॅम्प जळू शकतो. साध्यातून बॅलन्स्ड पिनेच्या हेडफोनकडे जाणारा अडॅप्टर चालतो.

रंकाळ्याकाठी

काका, लॅपटॉपच्या जॅकमधून खरंच घूं येते. चार्जर काढला की जाते.

मंद्रसप्तक

मग ही विजेची गोष्ट आहे, अ‍ॅम्प बदलून फरक पडेलच असं नाही. चार्जर लावल्यावर लॅपटॉपच्या धातूच्या कडेवरून बोट फिरव. मुंग्या आल्यासारखं वाटलं तर अर्थिंग नीट पोचत नाही, असं समज. तीन पिनांचा चार्जर दोन पिनांच्या बोर्डात किंवा सैल एक्स्टेन्शनमध्ये असेल तर भिंतीतल्या तीन पिनांच्या बोर्डात घाल. हॉस्टेलच्या बोर्डात अर्थची तार जोडलेलीच नसण्याची शक्यता असते, ते वायरमनकडून बघून घे, स्वतः उघडू नकोस. तोवर गाणं ऐकताना चार्जर काढून ठेव.

कानसेन

मी श्रवणतज्ज्ञ आहे. इथे ११० डेसिबल हा आकडा वारंवार आलाय म्हणून लिहिते. ती क्षणाची उसळी आहे, ऐकण्याची पातळी नव्हे, हे मंद्रसप्तक यांनी स्पष्ट केलंय, पण घाईत वाचणाऱ्याच्या नजरेतून निसटू शकतं. अमेरिकेच्या नायोश या संस्थेची कामाच्या ठिकाणासाठीची मर्यादा ८५ डेसिबलला ८ तास अशी आहे. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते: ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास. ताकदवान, स्वच्छ अ‍ॅम्पचा एक धोका आहे. आवाज फाटत नाही, त्यामुळे तो किती वाढलाय हे कानाला कळत नाही. फोनवर आवाज चिरका होऊन आपल्याला थांबवतो, इथे थांबवणारं कुणी नसतं. ऐकून झाल्यावर कानात चुणचुण किंवा शिट्टी वाजत असेल तर त्या दिवशी पातळी जास्त होती असं समजा आणि दुसऱ्या दिवशी कमी करा. शिट्टी एक-दोन दिवसांत गेली नाही तर तपासून घ्या.

मंद्रसप्तक

कानसेनताई, फार मोलाचं लिहिलंत. मूळ लेखात हे यायलाच हवं होतं.

दोन अ‍ॅम्पची तुलना करणाऱ्यांसाठी एक गोष्ट राहिली. ज्याचा आवाज अर्धा डेसिबलही जास्त असतो, तो कानाला "जास्त खुला", "जास्त जिवंत" वाटतो. म्हणून आधी आवाज समान करायचा. मी ४०० हर्ट्झचा एकसुरी आवाज संगणकावर लावला. पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेल्या मल्टीमीटरच्या काड्या जॅकच्या टोकाला आणि बुडाला टेकवून एसी व्होल्ट मोजले. दोन्ही अ‍ॅम्पवर हेडफोन जोडलेला ठेवूनच मोजायचं, नाहीतर फेडर म्हणतात ती व्होल्टची वाटणी हिशोबात येत नाही. ०.३० व्होल्टवर दोन्ही बटणं बसवली आणि तिथे खडूची खूण केली.

मग माझी पाठ वळवून बायकोने सोळा वेळा जॅक बदलला. हजारांच्या घरातला ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प आणि त्याच्या पाचपट किमतीचा दुसरा ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प यांत मी नऊ वेळा बरोबर सांगितलं. नुसता अंदाज केला असता तरी आठच्या आसपास आलं असतं. स्वस्त ट्रान्झिस्टर आणि व्हॉल्व्ह यांत सोळापैकी चौदा वेळा बरोबर आलं. दर वेळी मी डग्ग्याकडे कान लावून होतो. म्हणजे दिवेलागण ऐकतात ते खरं आहे आणि फेडर सांगतात ते कारणही खरं आहे. दोन चांगल्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पमध्ये मात्र, ताकद पुरेशी असेल तर, जास्तीचे पैसे देण्यासारखं मला काही ऐकू आलं नाही. ते पैसे मी हेडफोनमध्ये घातले असते.

दिवेलागण

हे वाचून बरं वाटलं. मी आवाज जुळवून कधीच ऐकलेलं नाही, हे मान्य करतो. पुढच्या महिन्यात चिंचवडला बहिणीकडे येणार आहे. चालणार असेल तर अ‍ॅम्प घेऊन येतो. तुमच्याकडे बसून सोळा वेळा माझीही परीक्षा घ्या. तानपुरा पसरलेला वाटतो ते खर्जामुळेच की आणखी कशामुळे, हे मला जाणून घ्यायचं आहे.

मंद्रसप्तक

जरूर या. रविवार सकाळ ठेवू, गल्लीत वर्दळ कमी असते. वहिनींनाही आणा. अ‍ॅम्पचा प्लग तीन पिनांचा आहे ना? आणि हेडफोनची पिन ६.३ मिलिमीटरची असेल तर अडॅप्टर माझ्याकडे आहे. व्हॉल्व्ह काढून वेगळे गुंडाळून आणा, प्रवासात सॉकेटवर हिसका बसतो.

रंकाळ्याकाठी

काका, डोंगल आलं, गाद्या पण आल्या. घूं गेली. आज मारवा ऐकताना एका ठिकाणी गायकाने सुरू करायच्या आधी श्वास घेतलेला ऐकू आला. हीच फाइल मी वर्षभर ऐकतोय, श्वास आज पहिल्यांदा कळला. उरलेले पैसे तसेच ठेवलेत. रविवारी तुमच्याकडे मीही येऊ का? कोल्हापूरहून सकाळच्या गाडीने पोचेन.

मंद्रसप्तक

ये की. हेडफोन घेऊन ये.